माती परीक्षणाबरोबर लघवीचेही परीक्षण करा : प्रौढांतील मूत्रपिंडाचे विकार

शिरूर तालुक्याच्या पश्चिमेकडील पाबळ, केंदूर, धामारी हा पट्टा कमी पावसाचा आहे. हलक्या, मुरमाड जमिनी, बाजरी-ज्वारीची पिके आणि विहिरीला पाणी असेल त्याप्रमाणे कांदा, अशी येथील शेती. शेजारच्या दौंड तालुक्यात मात्र नदी व कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि हंगामात गुऱ्हाळे पेटलेली असतात. दोन्हीकडची पिके वेगळी असली तरी एक गोष्ट सारखी आहे. कांदा काढणी असो, ऊसतोडणी असो की गुऱ्हाळातील काहिलीपुढचे काम असो, ते उन्हातान्हात घाम गाळूनच करावे लागते. अंग दुखले तर गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागायचे, ही आपली रीत आहे.

जमिनीच्या बाबतीत आपण आता बरेच जागरूक झालो आहोत. सन २०१५ पासून जमिनीची आरोग्यपत्रिका मिळू लागली. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसले. पीक पिवळे पडण्याची वाट न पाहता आधीच माती तपासावी, हे आता पटले आहे. परंतु ज्या शरीराच्या बळावर ही शेती चालते, त्याची तपासणी आजार बळावल्याशिवाय होत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत ही दिरंगाई फार महाग पडते, कारण हा अवयव बहुधा दुखत नाही. तो निम्म्याहून अधिक निकामी झाला तरी माणूस चालता-फिरता, नांगर धरता असतो. म्हणून या विकाराचा धोका कोणाला जास्त असतो आणि तो वेळीच कसा ओळखावा, याची माहिती प्रत्येक शेतकरी कुटुंबाला असणे जरुरीचे आहे.

मूत्रपिंडाचे कार्य

कमरेच्या वरच्या बाजूस, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाचे वजन साधारण १२० ते १५० ग्रॅम असते. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. या गाळण्यांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातील बहुतेक पाणी व उपयुक्त क्षार शरीर परत शोषून घेते आणि केवळ दीड ते दोन लिटर लघवी बाहेर टाकली जाते. याशिवाय रक्तदाब सांभाळणे, रक्त तयार होण्यास मदत करणे आणि हाडे बळकट ठेवणे ही कामेही मूत्रपिंड करते.

ठिबक संच वापरणाऱ्या शेतकऱ्यांना हे लगेच समजेल. गाळणी हळूहळू तुंबत असताना शेतात काही दिसत नाही. दाबमापकाकडे कोणी पाहिले नाही तर शेवटच्या ओळीतील झाडे सुकल्यावरच बिघाड लक्षात येतो. गाळणीची जाळी फाटली तर गाळ पुढे नळीत जातो. मूत्रपिंडाचेही असेच आहे. काही नेफ्रॉन निकामी झाले की उरलेले नेफ्रॉन जादा काम करून भार उचलतात, त्यामुळे रोग्याला काही जाणवत नाही. गाळणी फाटू लागली की रक्तातील प्रथिने लघवीत उतरू लागतात. यातील मुख्य प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. लघवीत अल्ब्युमिन सापडणे ही धोक्याची पहिली खूण होय. एकदा नष्ट झालेले नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाहीत, म्हणून उरलेले जपणे हाच खरा उपाय आहे.

रुग्ण कोण असतात?

आपल्या देशातील रुग्णांचे चित्र समजण्यासाठी भारतीय मूत्रपिंड विकार नोंदवहीचा उपयोग होतो. या नोंदवहीतील ५२,२७३ प्रौढ रुग्णांची माहिती सन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील ठळक बाबी खालीलप्रमाणे आहेत.

१) रुग्णांचे सरासरी वय ५० वर्षे होते. म्हणजे घर आणि शेती दोन्हींचा भार अंगावर असण्याच्या वयात हा आजार गाठतो.

२) दर १०० रुग्णांत ७० पुरुष व ३० स्त्रिया होत्या. ही नोंद दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्यांची आहे. त्यामुळे बायकांना हा आजार कमी होतो असा अर्थ यावरून लगेच काढू नये. घरातील बाईचे दुखणे शेवटी दाखवले जाते, हेही ध्यानात घ्यावे.

३) कारणांमध्ये मधुमेह सर्वात पुढे, म्हणजे ३१ टक्के होता. नेफ्रॉनच्या जुनाट दाहाचे रुग्ण १४ टक्के आणि उच्च रक्तदाबामुळे झालेल्या विकाराचे १३ टक्के होते.

४) १६ टक्के रुग्णांत कारण निश्चित करता आले नाही. हे रुग्ण तुलनेने तरुण होते, त्यांच्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त होते आणि ते अधिक वेळा शेवटच्या टप्प्यात दाखल झाले.

५) सर्वात गंभीर बाब म्हणजे सुमारे ४८ टक्के रुग्ण पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातच तज्ज्ञांकडे आले. कमी उत्पन्नाच्या गटातील रुग्णांचा आजार अधिक पुढे गेलेला होता.

शेवटच्या टप्प्यात डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण हेच उपाय उरतात. डायलिसिस बहुधा आठवड्यातून दोन ते तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास करावे लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि सन २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतही ही सोय करण्यात येत आहे. तरीही पाबळसारख्या गावातून शहरापर्यंत जाण्या-येण्यात रोग्याचा व बरोबरच्या माणसाचा दिवस मोडतो. आठवड्यातले दोन-तीन दिवस असे गेल्यावर शेती सांभाळणे किती अवघड होते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

धोका वाढवणारी कारणे

मधुमेह व उच्च रक्तदाब : ही दोन कारणे मुख्य आहेत आणि दोन्ही आजार सुरुवातीला मुकाट असतात. शेतकरी अंगमेहनत करतो, त्याला साखर कशी होईल, असा समज आहे. तो आता सोडून द्यावा. मोटारसायकल, ट्रॅक्टर व विजेच्या पंपामुळे अंगमेहनत पूर्वीइतकी राहिलेली नाही. खाण्यापिण्यातही फरक पडला आहे.

जन्मवेळचे कमी वजन : पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने शरीरात चरबी राखून असलेली आढळली. अशा मुलांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त राहतो. शिवाय कमी वजनाच्या बाळात नेफ्रॉनची संख्याही जन्मतःच कमी असू शकते. म्हणून सुनेच्या व लेकीच्या गरोदरपणातील आहाराकडे लक्ष देणे हा पुढच्या पिढीची मूत्रपिंडे जपण्याचाच भाग आहे.

मुतखडा, जंतुसंसर्ग व अडथळा : मुतखडा वारंवार होणे, लघवीला जळजळ वारंवार होणे आणि पन्नाशीनंतर पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबणे यामुळे मूत्रपिंडावर मागून दाब येतो. बोअरच्या कठीण पाण्याने मुतखडा होतो, असे सर्रास बोलले जाते. परंतु पाणी कमी पिणे हे मुतखड्याचे त्याहून ठळक कारण आहे.

वेदनाशामक औषधे : डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यांसारख्या गोळ्या व इंजेक्शने मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी माणसाने डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-चार दिवस घेतल्यास सहसा अपाय होत नाही. परंतु पाठदुखी, गुडघेदुखीसाठी महिनोन् महिने स्वतःच दुकानातून आणून घेणे, उन्हात घाम गाळून शरीर सुकलेले असताना घेणे, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा उतारवय असताना घेणे धोक्याचे आहे.

येथे गिधाडांचे उदाहरण आठवावे. नव्वदच्या दशकात आपल्याकडची गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. म्हणून २००६ मध्ये आपल्या देशात हे औषध जनावरांसाठी वापरण्यास बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही. तरीही हे औषध कोणत्या अवयवावर ताण देते, हे यावरून समजावे.

पुडीची औषधे व तंबाखू : कंपनीचे नाव वा घटकांची नोंद नसलेल्या पुड्या घेऊ नयेत. काही भस्मांत शिसे, पारा यांसारखे जड धातू आढळतात व काही पुड्यांत वेदनाशामक गोळ्या कुटून घातलेल्या असतात. तंबाखू व विडी रक्तवाहिन्यांचे नुकसान करतात.

सर्पदंश व विषबाधा : घोणस चावल्यास मूत्रपिंडे काही तासांत वा दिवसांत निकामी होऊ शकतात. दंशानंतर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे आणि लघवी कमी होत असल्यास डॉक्टरांना सांगावे. पॅराक्वाटसारखे तणनाशक पोटात गेल्यासही मूत्रपिंडे बंद पडतात. अशी औषधे पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नयेत.

उन्हातील काम आणि पाणी

मधुमेह नाही, रक्तदाब नाही आणि तरीही तरुण शेतमजुरांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे जगातील काही उष्ण भागांत दिसून आले आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर व निकाराग्वा येथील ऊसतोड कामगार, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातील भातशेतकरी आणि आपल्या आंध्र प्रदेशातील श्रीकाकुळम जिल्ह्याचा उद्दानम हा नारळ-काजूचा भाग ही त्याची उदाहरणे आहेत. आपल्या राज्यातही अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात, जेथे भूगर्भातील पाणी खारट आहे, तेथील गावकरी मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार अनेक वर्षांपासून करीत आले आहेत.

या आजाराचे एकच एक कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. पाण्यातील क्षार, फ्लोराइड, जड धातू, कीटकनाशके व तणनाशके या सर्वांवर संशय घेतला गेला. श्रीलंकेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटवर बंदी घातली व पुढे ती उठवली. मध्य अमेरिकेतील अभ्यासांतून मात्र एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. कडक उन्हात जड काम, शरीरातील पाणी कमी होणे आणि हे रोज घडणे यांमुळे मूत्रपिंडाला वारंवार लहान लहान इजा होते. निकाराग्वातील एका साखर कारखान्याने तोडकऱ्यांना ठरावीक वेळाने विश्रांती, सावली व पाणी देण्यास सुरुवात केल्यावर मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. आपल्याकडील ऊसतोडणी, कांदा काढणी, गुऱ्हाळ व वीटभट्टी येथे हाच उपाय करण्यास कोणतीही अडचण नसावी. त्याबाबत पुढील सूचना पाळाव्यात.

१) उन्हाळ्यात जड काम पहाटे लवकर सुरू करून दुपारी बारापूर्वी थांबवावे व उरलेले चारनंतर करावे.

२) काम चालू असताना तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. पाण्याची कळशी बांधावर न ठेवता कामाच्या ओळीजवळ सावलीत ठेवावी.

३) घाम फार येत असल्यास ताक, लिंबूपाणी किंवा क्षारसंजीवनी घ्यावी. घरी करताना एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी याबाबत डॉक्टरांना विचारावे.

४) लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळा रंग म्हणजे पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी, थोडी व जळजळणारी लघवी म्हणजे पाणी कमी पडले.

५) शेतात आडोसा नसल्यामुळे अनेक भगिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत व लघवी रोखून धरतात. ही सवय फार घातक आहे. बायका मजुरीला येत असतील तेथे साधा कापडी आडोसा उभारणे हे शेतमालकाचे काम समजावे.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आधीच आहे व अंगावर सूज आहे, त्यांनी भरपूर पाणी पिऊ नये. त्यांच्यासाठी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

कोणती तपासणी करावी?

तपासणी तीन प्रकारची आहे आणि ती साधी आहे.

रक्तदाब : तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक भरल्यास उपचार घ्यावेत.

लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील साखर : उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक असल्यास मधुमेहाची शक्यता धरून पुढील तपासणी करावी.

रक्तातील क्रिएटिनीन : हा स्नायूंच्या झिजेतून तयार होणारा पदार्थ मूत्रपिंड बाहेर टाकते. मूत्रपिंड मंदावले की रक्तात त्याचे प्रमाण वाढते. मात्र नुसत्या आकड्यावर समाधान मानू नये. क्रिएटिनीन १.२ आले तर अनेकदा ‘नॉर्मल आहे’ असे म्हणून कागद घडी करून ठेवला जातो. हाच १.२ आकडा पंचवीस वर्षांच्या गड्याचा असेल तर त्याच्या मूत्रपिंडाचा गाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर भरतो. साठ वर्षांच्या बाईचा असेल तर तो सुमारे ५२ भरतो, म्हणजे तिचे मूत्रपिंड तिसऱ्या टप्प्यात असण्याची शक्यता असते. म्हणून वय व लिंग धरून काढलेला गाळण वेग डॉक्टरांना विचारावा. अहवालावर तो ‘ईजीएफआर’ या नावाने लिहिलेला असतो. त्यावरून टप्पे असे ठरतात.

पहिला टप्पा : ९० किंवा अधिक
दुसरा टप्पा : ६० ते ८९
तिसरा टप्पा : ३० ते ५९
चौथा टप्पा : १५ ते २९
पाचवा टप्पा : १५ पेक्षा कमी

पहिल्या दोन टप्प्यांत लघवीत अल्ब्युमिन किंवा बिघाडाची दुसरी खूण असेल तरच आजार धरतात. एकाच तपासणीवर निर्णय न करता बिघाड तीन महिने टिकून आहे का, हे पाहिले जाते. तापात, जुलाबानंतर किंवा उन्हात दिवसभर राबल्यावर आकडा तात्पुरता वाढू शकतो.

तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब व साखर तपासणी उपकेंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर व प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. गावच्या आशाताईंकडे त्याची चौकशी करावी. मधुमेह व रक्तदाबाच्या रोग्यांनी, घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, मुतखडा वारंवार होणाऱ्यांनी आणि वेदनाशामक गोळ्या बराच काळ घेतलेल्यांनी लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनीन ही तपासणी वर्षातून एकदा करावीच.

चेहऱ्यावर व पायावर सूज, लघवीला फेस, रात्री वारंवार लघवीस उठणे, भूक मंदावणे, मळमळ, अंगाला खाज, थकवा व धाप ही लक्षणे बहुधा आजार पुढे गेल्यावर दिसतात. लक्षणे नाहीत म्हणून आजार नाही, असे समजू नये.

आजार सापडल्यास

आजार लवकर सापडला तर त्याचा वेग बराच कमी करता येतो. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवणे हे पहिले काम. लघवीतील प्रथिने कमी करणारी रक्तदाबाची औषधे पूर्वीपासून आहेत. अलीकडच्या काळात मधुमेहासाठी आलेल्या एसजीएलटी-२ गटातील औषधांनीही मूत्रपिंडाचे रक्षण होते, असे सिद्ध झाले आहे. ही औषधे डॉक्टरांनीच ठरवावीत व बरे वाटते म्हणून मधेच बंद करू नयेत. मात्र उलट्या-जुलाब झाल्यास कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना त्वरित सांगावे, कारण अशा वेळी काही गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागतात.

मीठ दिवसाला एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ व वरून मीठ घेणे टाळावे. डाळ, दूध, फळे यांचे पथ्य मात्र आजाराच्या टप्प्याप्रमाणे बदलते, म्हणून शेजाऱ्याचे पथ्य पाहून आपले ठरवू नये. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेल्यास ‘मला मूत्रपिंडाचा विकार आहे’ हे आधी सांगावे.

गावपातळीवर काय करता येईल?

पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे, हा त्यामागचा विचार. तेथून पुढे आलेल्या शालेय अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण यांच्याबरोबर गृह-आरोग्य हाही विभाग ठेवला आहे. शेती आणि आरोग्य हे विषय एकाच मुलाने एकाच शाळेत हाताळावेत, ही गोष्ट आपण घरातही आणावयास हवी.

त्यासाठी सोपा मार्ग असा. खरिपापूर्वी, एप्रिल-मे महिन्यात आपण मातीचे नमुने काढतो. त्याच आठवड्यात घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब, साखर व लघवी तपासून घ्यावी. शेतकरी गट, दूध संस्था व महिला बचत गटांनी आरोग्य केंद्राशी बोलून एक दिवस ठरवावा. आलेले आकडे तारखेसह वहीत लिहून ती वही जमिनीच्या आरोग्यपत्रिकेशेजारी ठेवावी. पुढच्या वर्षीचा आकडा मागच्याशी ताडून पाहता आला म्हणजे बिघाड चौथ्या-पाचव्या टप्प्यात न कळता दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातच कळेल. जमिनीत कमी पडलेले अन्नद्रव्य पुढच्या हंगामात भरून काढता येते. गेलेले मूत्रपिंड तसे भरून येत नाही, म्हणून ही तपासणी पुढच्या वर्षावर ढकलू नये.